सातव्या दिवसाचे आकडे

दुबईत, जबल अलीच्या वळणावर, टायरच्या दुकानाच्या वर, एक खाजगी दवाखाना होता. ऑक्टोबर २००२मध्ये तिथे रोज सकाळी सव्वासहाला कंपनीची बस थांबे. चव्वेचाळीस माणसं उतरत, जिना चढत, टोकनाचा कागद हातात धरून बाकांवर बसत आणि न सांगता डावी बाही वर करत. दूर मरीनासाठी वाळू खणण्याचं काम चालू होतं. ही त्या कामावरची नवी भरती. व्हिसासाठीची सरकारी तपासणी वेगळी. ही त्याआधीची, कंपनीने स्वतःच्या समाधानासाठी करून घेतलेली. नापास होणाऱ्या माणसावर पुढचा खर्च नको, एवढाच तिचा वैद्यकीय हेतू होता.

या दवाखान्याच्या प्रमुखांना सगळे ‘प्रोफेसर’ म्हणत. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ. त्यांचं नाव मी इथे देत नाही. ते आता एका न्यायालयाच्या कागदपत्रांत आहे आणि तिथेच शोभतं. ज्या युद्धात त्यांनी संशोधन केलं त्याचंही नाव देत नाही. युद्धाचं नाव ऐकलं की वाचक आधी बाजू निवडतो आणि मग कैद्यांना विसरतो, असा माझा अनुभव आहे.

मी शारजातल्या एका महाविद्यालयात वैद्यकाचा इतिहास शिकवत होते. परीक्षेला नसल्यामुळे विषय विद्यार्थ्यांना आवडे. त्यात एक सात पानांचा लेख मी दरवर्षी शिकवी. खारं पाणी पिऊन माणूस किती काळ तग धरतो, याचा तो अभ्यास होता. ‘अकरा निरोगी स्वयंसेवक’ असा त्यात उल्लेख आहे. काटेरी तारेच्या आतला स्वयंसेवक ही वैद्यकशास्त्राची एक फार लाडकी कल्पना आहे. अकरांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. रक्तातल्या सोडियमचा तक्ता सहाव्या दिवसाशी संपतो आणि खाली एकच वाक्य येतं: ‘यानंतर प्रयोग थांबवण्यात आला, सर्वजण पूर्ण बरे झाले.’ त्या वाक्यावर मी अकरा वर्षं घालवली होती. बरे झालेल्या अकरांपैकी एकही माणूस कुठल्याच छावणीच्या सुटकेच्या यादीत नव्हता.

लेखकाचा शोध लागला तो दुबईतल्या एका परिषदेत. एका वृद्ध डॉक्टरांनी फळ्यावर आलेख काढला आणि आकड्यांची उभी रेघ उजवीकडे ओढली. जगात सगळे ती डावीकडे ओढतात. त्या लेखातल्या चारही आलेखांत ती उजवीकडे आहे.

मी तक्रार केली. डॉक्टरांच्या परवान्यांची चौकशी समिती नेमली गेली. परदेशी न्यायालयाचं वॉरंटही आलं, पण ते दुसऱ्या नावाच्या माणसासाठी होतं. प्रोफेसरांचे कागद निर्दोष होते. रेघ उजवीकडे काढणं हा गुन्हा नाही, असं समितीच्या अध्यक्षांनी, एका वयोवृद्ध न्यायाधीशांनी, मला सौम्यपणे सांगितलं. ते बरोबरच होतं. सुनावणी मंगळवारी, पंधरा तारखेला होती. प्रोफेसरांचं विमानाचं तिकीट बुधवारचं होतं, आणि ज्या देशाचं होतं तिथून कोणाला परत आणता येत नाही. मंगळवारी हा माणूस तोच आहे हे सिद्ध झालं नाही, तर ते कधीच होणार नव्हतं.

दवाखान्यात माझी ओळख एकाशीच होती. सोमनाथ, देवगडकडचा, रक्त घेणारा टेक्निशियन. उन्हाळ्यात प्रोफेसरांचं अक्षर बघण्यासाठी मी पेशंट म्हणून गेले होते, तेव्हा सुई टोचता टोचता त्याने ‘मॅडम, पुण्याच्या काय? मग दुखलं तरी बोलणार नाही तुम्ही’ असं म्हटलं होतं.

सोमवारी, सात तारखेला, दुपारी तो माझ्या महाविद्यालयात आला. हातात प्लास्टिकची पिशवी.

“मॅडम, तुम्ही ती जुनी पानं वाचता ना. मग हे सांगा मला. शनिवारपास्नं रोज माझ्या अकरा ट्यूब जास्त भरतात.”

“मोजण्यात चूक?”

“चौदा वर्षं रक्त काढतोय. बसमध्ये चव्वेचाळीस, टोकन चव्वेचाळीस. रॅकमध्ये पंचावन्न.”

“लेबलं?”

“तेच तर. बाकीच्यांवर कंपनी, नाव, टोकन. ह्या अकरांवर नुसता नंबर. एक ते अकरा. आणि अक्षर माझं.”

त्याने पिशवीतून छापील पट्ट्या काढल्या. कंपनीच्या तपासणीत सोडियम नसतं. त्याने ट्यूब सोडियम मोजणाऱ्या जुन्या मशीनमध्ये घातल्या, त्या केवळ हे माणसाचंच रक्त आहे का, ते बघायला.

“माणसाचंच आहे,” तो म्हणाला. “पण फ्रिजमध्ये ठेवलं तरी गार होत नाही.”

मी पहिली पट्टी वाचली. मग दुसरी. तिसरीला मला वाचायची गरज राहिली नाही. क्रमांक सहाचा तिसऱ्या दिवसाचा आकडा मी पट्टी उलटी धरून सांगितला. सोमनाथने माझ्याकडे जरा मागे सरून पाहिलं.

मी भुतांवर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी नाही. मी कागदपत्रांवर ठेवते, आणि ती अधिक भयंकर असतात. म्हणून दोनच शक्यता मांडल्या. सोमनाथने तो लेख वाचून आकडे रचले असावेत. पण लेख ज्या भाषेत आहे ती त्याला येत नव्हती, आणि त्याच्या मशीनच्या पट्टीवर वेळ मिनिटासह छापलेली होती. दुसरी शक्यता जास्त सरळ होती: म्हाताऱ्याने प्रयोग पुन्हा सुरू केला आहे. या वेळी वाळू खणणाऱ्यांवर.

त्याच संध्याकाळी सोमनाथला घेऊन मी कामगारांच्या कॅम्पवर गेले. आधीच्या तीन दिवसांत तपासलेली एकशे बत्तीस माणसं तीन लांब खोल्यांत होती. मी एकेकाला बघितलं. जीभ ओली, डोळे स्वच्छ, त्वचा चिमटीत धरून सोडली की लगेच जागेवर. सगळे धडधाकट होते आणि माझ्या तपासणीने त्यांची चांगलीच करमणूक होत होती.

“ताई, लग्नाला मुलगा बघताय का?” खालच्या बंकवरून एकजण म्हणाला. “आमच्या बाबाजीला घ्या. दात सगळे स्वतःचे.”

“गप रे,” बाबाजी म्हणाला. गुहागरचा गवंडी, चाळिशीचा, पहिल्या दिवशी तपासलेला. “ताई, तुम्ही आम्हाला कशाला बघताय? आजारी ते मागचे होते.”

“मागचे कोण?”

“रांगेत आमच्या मागे होते ते. दुसऱ्या कंपनीचे असणार. गोरे, पण उन्हाने पार करपलेले. बोलत नव्हते. ओठ फुटून पांढरे पडलेले, मीठ बसल्यासारखे.”

खोलीतला हसण्याचा आवाज थांबला. इतरांनाही ते आठवत होते, हे मला तेव्हा समजलं.

“मी माझी बाटली पुढे केली,” बाबाजी म्हणाला. “गार पाणी होतं. त्यातल्या एकाने हात वर केला. आणि घेण्याआधी प्रोफेसरसायबाकडे बघितलं.”

“मग?”

“सायेब दारातच उभे होते. कागद वाचत होते. त्यांनी वर नाही बघितलं. त्याने हात खाली घेतला.”

परत येताना सोमनाथ म्हणाला, “मॅडम, मला चेहरे नाही आठवत. हात आठवतात. शीर सापडत नव्हती. रक्त घट्ट झालं की शीर बसते, मग आम्ही पेशंटला सांगतो, दोन ग्लास पाणी पिऊन या. मी त्यांनाही सांगितलं. गेले कूलरपाशी. उभे राहिले. तसेच परत आले.”

“रोज?”

“रोज सांगतो,” तो म्हणाला.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. चौथा, पाचवा, सहावा दिवस. सोमनाथ पट्ट्या आणत होता आणि मी त्या छापील तक्त्याशेजारी लावत होते. एकाही आकड्यात फरक नव्हता. मी हे शांतपणे केलं, असं सांगितलं तर कोणाला ते पटणार नाही. पण इतक्या वर्षांच्या वाचनाने माणसाला एक गोष्ट येते, ती म्हणजे पुरावा आला की हात न थरथरता पान उलटणं. तो कुठून आला हा प्रश्न महत्त्वाचा असतो. तो त्या आठवड्यात माझ्यासाठी दुसऱ्या क्रमांकाचा होता.

पहिला प्रश्न होता शुक्रवारचा. छापील तक्ता सहाव्या दिवशी संपत होता. सातवा दिवस शुक्रवारी येत होता आणि शुक्रवारी दवाखाना बंद असे.

शनिवारी सकाळी दहाला सोमनाथचा फोन आला.

“मॅडम, आज एकोणीस.”

“एकोणीस?”

“एक ते अकरा, पूर्ण. त्यावर कालची तारीख. आणि मग आजचे आठ. दोन, चार आणि नऊ नाहीत.”

खिडकीखाली शाळेच्या मैदानावर कुठल्या तरी मुली इंग्रजीत भांडत होत्या, ऊन नेहमीसारखं पांढरं होतं. प्रयोगाने सुट्टी घेतली नव्हती.

रविवारी तीन नळ्या आल्या. सोमवारी एकही नाही.

म्हणजे ते वाक्य तीन दिवस लांब होतं. ‘सर्वजण पूर्ण बरे झाले.’ माझ्या टेबलावर आता पूर्ण तक्ता होता, जगात कुठेही न छापलेला, आणि समितीसमोर तो ठेवला तर मला प्रेमाने घरी पोचवण्यात आलं असतं. जबल अलीतल्या एका रक्त काढणाऱ्याने मेलेल्या माणसांच्या शिरा शोधल्या, असं मी कोणत्या परिशिष्टात लिहिणार होते?

एक गोष्ट मात्र मला ठाऊक होती. परदेशी न्यायालयाने अध्यक्षांकडे मोहरबंद लिफाफा पाठवला होता. त्यात प्रयोगाच्या मूळ वहीचं एक पान होतं. तक्रारदार म्हणून मला ते दाखवलेलं नव्हतं, दाखवूही नये. त्या पानाने गुन्हा सिद्ध होत होता. माणूस सिद्ध होत नव्हता. हवा होता तो फक्त असा माणूस, ज्याला त्या पानावर काय आहे ते न बघता सांगता येईल.

सोमवारी रात्रभर मी विचार केला नाही. गाढ झोपले. काय करायचं ते मला संध्याकाळीच समजलं होतं. मी विद्वानांना ओळखते. आयुष्य त्यांच्यात गेलं. त्यांच्यावर खुनाचा आरोप करा, ते वकिलाकडे बघतील. त्यांचा आकडा चुकवा.

मंगळवारी सकाळी अकराला आम्ही त्या सभागृहात बसलो. समितीचे पाचजण, प्रोफेसर आणि त्यांचे वकील, मी, आणि कोपऱ्यात कामकाज लिहून घेणारा खैरुद्दीन. दाभोळचा हा माणूस तीस वर्षं इथे राहून अरबीत मराठीइतक्याच सुवाच्य ओळी लिहीत असे. एसी जोरात होता. तरी खोलीत समुद्रकिनाऱ्यावर ओहोटीनंतर येतो तसा वास होता. एका सदस्याने दोनदा खिडकीकडे पाहिलं. खिडकी बंद होती.

प्रोफेसर उत्तम बोलले. ते त्या युद्धात नव्हते. ते त्या देशात नव्हते. एका विदुषीचा गैरसमज झाला, त्याबद्दल त्यांना राग नाही. बोलताना ते माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्या मागच्या भिंतीकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश पाहत होते. मग परत पहिल्या टोकाकडे.

मला दहा मिनिटं दिली होती. मी उभी राहिले.

“हा लेख सहाव्या दिवशी थांबतो,” मी म्हणाले. “प्रयोग थांबला नव्हता. पुढच्या तीन दिवसांचे आकडे मी वाचते.”

वकील उठले. अध्यक्षांनी हाताने त्यांना बसवलं.

“सातवा दिवस. क्रमांक एक, एकशे एकोणऐंशी. क्रमांक दोन, एकशे अठ्ठ्याऐंशी. क्रमांक तीन, एकशे ब्याऐंशी.”

मी सावकाश वाचत होते. शाळेत हजेरी घेतात तशी.

“क्रमांक चार, एकशे शहात्तर.”

सोमनाथच्या पट्टीवर तो एकशे शहाऐंशी होता.

प्रोफेसरांच्या कपाळावर एक आठी आली.

“क्रमांक चार,” मी पुन्हा म्हणाले, “एकशे शहात्तर. त्याच दिवशी मृत्यू.”

“नाही,” प्रोफेसर म्हणाले.

वकिलांनी त्यांच्या बाहीला हात लावला. त्यांनी तो झटकला, माशी झटकावी तसा.

“एकशे शहात्तरला तो मेला नसता. काही अर्थ आहे का याला? एकशे शहाऐंशी. सकाळी आठला घेतला. दुपारी गेला.” ते माझ्या मागे बघत होते. “नऊ नंबरही त्याच दुपारी. दोन नंबर रात्री. तुमच्या नोंदी अत्यंत बेजबाबदार आहेत, मॅडम.”



“आठव्या दिवशी किती उरले होते?” अध्यक्षांनी विचारलं. आवाज अगदी साधा.

“आठ.”

“नवव्या?”

“तीन. एक, सहा, दहा.” मग त्यांचा आवाज थोडा बदलला. “तुम्हीच विचारा ना त्यांना.”

अध्यक्षांनी लिफाफा फाडला. पान उलगडलं, चष्मा लावला, बोट एका ओळीवरून फिरवलं. मग पान शेजारच्या सदस्याकडे दिलं. ते पाचही जणांकडे फिरलं. माझ्याकडे आलं नाही. यायची गरज नव्हती.

प्रोफेसर खाली बसले. आपण काय केलं हे त्यांना कळायला साधारण अर्धं मिनिट लागलं. ते अर्धं मिनिट मी पूर्ण बघितलं. मला त्याची लाज वाटत नाही.

बाहेर दोन पोलीस अधिकारी वॉरंट घेऊन सकाळपासून बसले होते. आत आले. काही झटापट झाली नाही. दारापाशी प्रोफेसर थांबले आणि बाजूला सरले, जणू इतर कोणाला तरी आधी जाऊ द्यायचं होतं. अधिकाऱ्याने त्यांचा दंड धरून त्यांना पुढे नेलं.

अध्यक्षांनी मला एकच विचारलं. “आकडे तुम्हाला कुठे मिळाले?”

“दवाखान्याच्या प्रयोगशाळेत,” मी म्हणाले. ते खरं होतं, आणि त्यांनी पुढे विचारलं नाही.

आठवड्याने कामकाजाच्या प्रतीवर सही करायला मी गेले. खैरुद्दीनने चहा मागवला. पानं मराठीत वाचून दाखवत होता, मी प्रत्येक पानावर सही करत होते. शेवटचं पान उपस्थितांचं होतं. माझं अरबी तोडकंमोडकं, पण ओळी मोजता येतात.

“खैरुद्दीनभाई, ही नावं जास्त आहेत.”

“कुठे जास्त, बाई? खोलीत जो असेल त्याचं नाव लिहायचं, हा नियम. तुमचेच लोक ना ते? भिंतीला टेकून उभे होते. कोणी खुर्चीसुद्धा दिली नाही बिचाऱ्यांना. मी प्रत्येकाजवळ जाऊन विचारलं.”

“आणि त्यांनी सांगितली?”

“सांगितली की. जरा अवघड होती, दोनदोनदा विचारून लिहून घेतली.”

“वाचा.”

त्याने वाचली. त्या अवघड, लांबच्या देशाच्या नावांना त्याच्या तोंडी दाभोळचा हेल येत होता. अकरा नावं, अकरा आडनावं, वडिलांच्या नावांसकट. मी ती माझ्या वहीत उतरवून घेतली. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला त्यांना क्रमांकाने ओळखावं लागत नव्हतं. माझं अक्षर शेवटपर्यंत सरळ राहिलं.

मग शेजारच्या रकान्याकडे लक्ष गेलं. “ही वेळ कसली?”

“निघण्याची. तुमची एक दहा. अध्यक्षसाहेबांची एक पंचवीस. प्रोफेसरांची बारा पन्नास.”

त्या अकरांसमोरही बारा पन्नास होतं. एकाखाली एक.

“हे एकदमच निघाले?”

“त्यांच्याबरोबरच गेले ना. मी खाली फाइल द्यायला गेलो होतो, बघितलं.” त्याने पेनाला टोपण लावलं. “पोलिसांची छोटी गाडी, बाई. ड्रायव्हर, दोन अधिकारी आणि मधे ते म्हातारे. मला वाटलं, एवढी माणसं यात बसणार कशी.”

“मग?”

“बसली,” खैरुद्दीन म्हणाला. “सगळी.”